खासगी रस्त्यावर आलेली दरडीची माती: ट्रॅक्टरला पाते लावून काढावी की जेसीबी बोलवावा?

चाकरमानी_गुहागर

नमस्कार मंडळी,

आमचे घर गुहागर तालुक्यात, गावाच्या डांबरी रस्त्यापासून साधारण ११० मीटर आत, डोंगराच्या कुशीत आहे. वडिलांनी वीस वर्षांपूर्वी उतार कापून घरापर्यंत तीन मीटर रुंदीचा रस्ता केला. त्याच्या वरच्या अंगाला जवळपास उभा कापलेला माती आणि जांभ्याचा काप आहे, खालच्या अंगाला गडगा, म्हणजे दगड रचून केलेला बांध आहे आणि गडग्याखाली आमची वाडी, म्हणजे बागायत आहे. गेल्या आठवड्यात सलग दोन दिवस पडलेल्या पावसात कापाचा एक भाग खचला. बारा मीटर लांबीत छातीला लागेल एवढी माती, दगड आणि मुळांसकट आलेले एक ऐनाचे झाड रस्त्यावर पडून आहे, तर उरलेल्या शंभर मीटर रस्त्यावर आणि खळ्यात (अंगणात) सुमारे दहा सेंटीमीटर लाल गाळ बसला आहे. घराला धक्का लागलेला नाही, परंतु आई-वडिलांना सध्या शेजाऱ्यांच्या पाखाडीने ये-जा करावी लागते, आणि त्या वयात शेवाळलेल्या पायऱ्या उतरणे धोक्याचे आहे.

आमच्याकडे २४ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि लहान ट्रॉली आहे. माझा आतेभाऊ कॅनडातील ओंटारिओत राहतो. त्याच्या घराचा रस्ता आमच्याएवढाच लांब असून दर हिवाळ्यात तो ट्रॅक्टरच्या पुढे पाते लावून त्यावरील बर्फ पाव तासात बाजूला सारतो. तसेच पाते गावातील वेल्डिंगवाल्याकडून करून घे, असा त्याचा आग्रह आहे. याउलट गावातील मंडळी म्हणतात की जेसीबी आणला तर अर्ध्या दिवसात सगळे गडग्यावरून खाली वाडीत लोटून मोकळे होता येईल. गणपतीला पाच आठवडे उरले आहेत. नेमके काय करावे, आणि काढलेली माती टाकावी कुठे, याविषयी अनुभवी लोकांनी सांगावे.

निवृत्त_डोझरवाला

मी सीमा सडक संघटनेत डोझर चालवला आहे आणि निवृत्तीनंतर राजापूर तालुक्यात राहतो. त्यामुळे बर्फ आणि दरड ही दोन्ही कामे हाताखालून गेलेली आहेत. हिमाचलातील ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीतील रस्ता वसंतात उघडताना आम्ही डोझरने थरावर थर कापत असू आणि मागून येणारा स्नो कटर तो बर्फ दरीत उडवीत असे. (२०२० च्या ऑक्टोबरात अटल बोगदा सुरू झाल्यापासून पलीकडच्या लाहौल खोऱ्याची वाहतूक त्या खिंडीवर अवलंबून राहिलेली नाही.) आपल्या आतेभावाचे म्हणणे त्याच्या जागी अगदी बरोबर आहे, पण ते आपल्या रस्त्याला लागू पडत नाही, आणि त्याचे कारण वजनात आहे.

ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आसपास भरतो, दबून बसलेला ३०० ते ४०० किलो. आपली भिजलेली लाल माती १,७०० किलोच्या खाली क्वचितच येते. शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दहा सेंटीमीटर जाड थर म्हणजे ३० घनमीटर. तेवढा ताजा बर्फ तीन टन झाला असता, आपला गाळ मात्र पन्नास टनांच्या वर जातो. ब्रासच्या (१०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर) हिशेबात हे साडेदहा ब्रास होतात, आणि दरडीचे मुख्य ढिगारे धरले तर आणखी पंधरा ब्रास. दीड मीटर रुंदीचे पाते ढकलत तीन मीटर पुढे गेलात की पात्यासमोर सुमारे साडेसातशे किलो माती साचलेली असेल. आपला ट्रॅक्टरच मुळी एक टनाच्या आतबाहेर असणार, त्यात निसरड्यावर चाकांना पकड नाही. तो जागच्या जागी चाके फिरवील, किंवा पुढचा आस पात्याच्या ओझ्याने दबून सुकाणू ऐकेनासे होईल. बर्फाच्या प्रदेशात लोक मागे वजन बांधतात आणि चाकांना साखळ्या चढवतात. चिखलणीची लोखंडी चाके लावून चिखलात पकड मिळेलही, पण आपल्या रस्त्याची खडी-मुरूम उखडून निघेल.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. बर्फ बाजूला सारला की तो उन्हाळ्यात वितळून जातो, म्हणून तो सगळाच्या सगळा सारण्यात नुकसान नसते. दरडीची माती जिथे ठेवाल तिथेच राहते. इतकेच नव्हे, तर पायथ्याला पडलेला ढीग सध्या वरच्या ओल्या, सैल मातीला टेकू देत उभा आहे. पावसाच्या जोरात तो मुळापासून उपसलात तर वरचा भाग पुन्हा खाली येईल. हे मी सेवेत असताना एकाच जागी तीनदा होताना पाहिले आहे, आणि तिसऱ्या वेळी डोझरही अर्धा गाडला गेला होता. म्हणून यंत्राचा विचार करण्याआधी कापाच्या माथ्यावर, अर्थात दुरून आणि बाजूने चढून, भेगा पडल्या आहेत का ते पाहा. माथ्यावरची झाडे खाली कलली असतील, एखादा झरा नव्याने किंवा गढूळ वाहू लागला असेल, तर उघडीप मिळेपर्यंत त्या बारा मीटरच्या तुकड्याला हात लावू नये आणि आई-वडिलांना त्याखालून जाऊ देऊ नये. भेगा दिसल्यास त्यात चिकणमाती ठासून वर ताडपत्री अंथरावी आणि माथ्याच्या वर आडवा चर खणून डोंगरावरून येणारे पाणी व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे वळवावे. मातीपेक्षा आधी पाणी हलवा.

पंपवाला

एवढा विचार कशाला करायचा? दोन इंची पंप लावा, जोराचा फवारा मारा, दहा सेंटीमीटर गाळ तासाभरात पातळ होऊन उताराने व्हाळात जाईल. आम्ही दरवर्षी असेच करतो.

चिपळूणकर_यंत्रवाला

पंपवाल्यांच्या सूचनेतील अर्धा भाग बरोबर आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात घराघरांत आणि दुकानांत गाळ बसला होता. ज्यांनी तो ओला असतानाच पाणी मारून फावड्याने बाहेर काढला त्यांचे काम लवकर संपले. ज्यांचा गाळ वाळून कडक झाला त्यांना पुढे तो कुदळीने फोडावा लागला. तेव्हा खळ्यातला आणि पडवीतला पातळ थर आजच धुऊन काढावा, हे खरे. परंतु शंभर मीटर रस्त्यावरचे पन्नास टन व्हाळात सोडणे म्हणजे खालच्या शेजाऱ्याच्या लावणी झालेल्या मळ्यात नेऊन टाकणे होय. गाळाने व्हाळ उथळ झाला की पुढच्या जोराच्या सरीला पाणी काठ सोडते, आणि मग तक्रार आपल्या नावावर येते.

आता यंत्राविषयी, कारण माझा व्यवसायच तो आहे. जेसीबी म्हणून आपण ज्याला हाक मारतो ते बॅकहो लोडर सुमारे साडेसात टनांचे असते आणि त्याची रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास असते. आपल्या तीन मीटर रस्त्यावर त्याचे एक चाक गडग्याच्या कडेपासून हातभर अंतरावर येणार. चुन्या-सिमेंटाविना रचलेला गडगा कोरड्या दिवसांत पुष्कळ ओझे पेलतो, पण मागची माती पाण्याने फुगलेली असताना त्यावर असे चाक आले तर तो पोटातून फुगून सरळ वाडीत बसतो. आमच्याच गावी एका चालकाने अशा कडेने यंत्र नेले. यंत्र वाचले, मात्र आठ मीटर गडगा आणि खालची तीन कलमे गेली. शिवाय रस्त्याखाली पाणी जाणारी मोरी असेल तर ती कशाची आहे ते पाहा. जुन्या, नुसत्या चिऱ्यांनी झाकलेल्या मोरीवरून हे यंत्र नेऊ नये.

माझा सल्ला असा आहे की तीन ते पाच टनांचा मिनी पोकलेन, म्हणजे पट्ट्यांवर चालणारे लहान खोदयंत्र, मिळाला तर तो बोलवावा. त्याचे ओझे पट्ट्यांवर पसरते, तो एका जागी उभा राहून मागच्या ट्रॉलीत माती भरू शकतो, आणि चालकाला ढिगाखाली शिरावे लागत नाही. मोठ्या दगडांसाठी त्यालाच ब्रेकर बसवता येतो. ऐनाचे झाड मात्र यंत्राने ओढू नये. आधी त्याच्या फांद्या आणि खोड करवतीने कापून सुटे करावे आणि मुळांचा बुंधा ढिगातच राहू द्यावा, कारण तो सध्या माती धरून आहे. यंत्राचे भाडे तासाने असते आणि ने-आण वेगळी आकारली जाते, म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी ट्रॉल्या आणि माती टाकायची जागा तयार ठेवा. यंत्र उभे आणि ट्रॉलीची वाट पाहणे, यातच बहुतेकांचे पैसे जातात.

आपल्या ट्रॅक्टरलाही काम आहे. पुढे पाते लावण्याऐवजी मागे तीन बिंदूंच्या जोडणीवर येणारी लेव्हलरची फळी घ्यावी आणि ती तिरकी ठेवून थोडी थोडी माती ओढत न्यावी. फळीच्या दोन्ही टोकांना खाली जाड लोखंडी घसरपट्ट्या लावून ती जमिनीपासून दोन सेंटीमीटर वर राहील असे करा. बर्फ सारणारे लोक कच्च्या रस्त्यावर हेच करतात, म्हणजे बर्फाबरोबर खडी खरवडली जात नाही. आतेभावाची ही एक गोष्ट मात्र उचलण्याजोगी आहे. आपल्या ट्रॉलीत पूर्ण ब्रास भरू नका. ओली माती ब्रासला पावणेपाच टनांच्या आसपास जाते, आणि २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला ती उतारावर आवरत नाही. ट्रॉली अर्ध्याहून कमी भरून खेपा वाढवा.

चाकरमानी_गुहागर

सर्वांचे आभार. काल वडिलांनी शेजाऱ्यांच्या कलमांच्या बाजूने वर जाऊन पाहिले. कापाच्या माथ्यापासून दीड मीटर मागे बोटभर रुंदीची एक भेग आहे, साधारण सात पावले लांब. डोझरवाले काका, आपण सांगितल्याप्रमाणे त्यांनी गड्यांच्या मदतीने ती बुजवून ताडपत्री टाकली आहे आणि चर खणायला घेतला आहे. खळे धुऊन झाले.

आता अडचण मातीच्या जागेची आहे. वाडीत सुमारे चाळीस माड, साठ पोफळी, त्यांवर मिरवेल आणि गडग्यालगत हापूसची अकरा कलमे आहेत. थोडा गाळ तिथेही गेला आहेच. बाकीची माती तिथेच पसरली तर झाडांना खत होईल, असे गावात सांगतात. हे खरे आहे का?

आगरातली

मी दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकले आणि गेली पंधरा वर्षे स्वतःची वाडी पाहते, म्हणून या भागापुरते लिहिते.

ही माती खत नाही. नदीच्या पुराचा गाळ आणि डोंगराच्या कापातून आलेली माती यांत गल्लत करू नये. पुराच्या गाळात वरच्या सुपीक थराचा अंश असतो. आपल्या कापातून आलेली माती बहुतांश खोलवरची आहे, तिच्यात सेंद्रिय अंश नगण्य असतो, ती आम्लधर्मी असते आणि वाळली की विटेसारखी कडक होते. तरीही ती वाया घालवण्याची गरज नाही, कारण प्रत्येक झाड तिला वेगळ्या रीतीने घेते.

माडाच्या बुंध्याशी माती चढवणे ही आपली जुनी पद्धत आहे, कारण माडाला बुंध्याच्या गड्ड्यातून नवी मुळे फुटत राहतात. पालापाचोळा आणि शेणखत यांच्यासह सात-आठ सेंटीमीटर माती आळ्यात गेली तर माड ती आनंदाने घेतील. चाळीस माडांच्या दोन मीटर त्रिज्येच्या आळ्यांत एवढ्या जाडीने जवळपास चौदा ब्रास माती सामावते, म्हणजे आपल्या एकूण मातीपैकी निम्म्याहून अधिक. पोफळीला थोडी चालते, पण मिरवेल असलेल्या पोफळीच्या बुंध्याशी अजिबात नको. वेलीच्या मुळाशी पाणी तुंबले की मररोग लागतो आणि पाने गळतात. हापूसच्या कलमांपासून तर ही माती दूरच ठेवावी. कलमाचा जोड गाडला जाता कामा नये, आणि आंब्याची अन्न शोषणारी बारीक मुळे वरच्या थरात असल्याने त्यावर वीतभर चिकण माती बसली की मुळांना हवा मिळत नाही. झाड लगेच मरत नाही, म्हणून लोकांना कारण कळत नाही. दोन वर्षांनी शेंडे वाळू लागतात. गडग्यालगतच्या अकरा कलमांच्या बुंध्याशी आज जो गाळ साठला असेल तो इतर सर्व कामांच्या आधी हातानेच, फावड्याने आणि घमेल्याने, दूर करावा. तिथे यंत्र नको आणि पंपही नको.

यावरून जेसीबीने सगळे गडग्यावरून खाली लोटण्याचा सल्ला कलमांचा बळी देणारा आहे, हे आपल्या लक्षात आले असेलच.

माती केव्हा पसरायची, तर वाफसा आल्यावर, म्हणजे जास्तीचे पाणी निथळून नुसती ओल राहिल्यावर. मूठभर माती दाबून पाहावी. बोटांतून पाणी किंवा राड आली तर थांबावे. गोळा झाला आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर ती माती ट्रॉलीत भरायला आणि पसरायला योग्य. श्रावणात तीन-चार दिवसांची उघडीप बहुधा मिळते, तेव्हा रस्त्यावरचा पातळ थर लगेच वाफशावर येईल. दरडीच्या ढिगाला अधिक दिवस लागतील.

तालुक्यातला_एक

माती हलवण्याआधी एक काम राहिले असेल तर ते करून घ्या. वाडीत आणि शेतात बसलेल्या गाळाचे फीत लावून, जाडी दिसेल असे फोटो काढा आणि तलाठ्यांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, अर्ज देऊन पंचनामा करून घ्या. शेतजमिनीवर तीन इंचांपेक्षा जाड गाळ असल्यास तो काढण्यासाठी आपत्ती निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ च्या निकषांत हेक्टरी १८,००० रुपये मदतीची तरतूद होती. घराच्या खासगी रस्त्याचा त्यात समावेश होत नाही, पण वाडीचा होऊ शकतो. गाळ काढून टाकल्यावर पंचनाम्याला दाखवायला काही उरत नाही, आणि इथेच बहुतेकांचे अर्ज अडतात. तसेच माती जमिनीबाहेर नेण्याचा किंवा कोणाला भरावासाठी देण्याचा विचार असेल तर तो गौण खनिजाचा (माती, मुरूम, वाळू यांचा) विषय होतो. तहसील कार्यालयात आधी लेखी विचारावे.

पंपवाला

व्हाळाविषयी लिहिलेले मान्य आहे. आमच्या खाली मळा नाही, थेट खाडी आहे, हे मी सांगायला हवे होते.

निवृत्त_डोझरवाला

भेग माथ्यापासून दीड मीटर मागे असेल, तर तेवढा पट्टा अजून येण्याच्या तयारीत आहे असे समजून चाला. म्हणून या पावसाळ्यात पूर्ण तीन मीटर रस्ता मोकळा करण्याचा हट्ट धरू नका. ढिगाची कापाकडची बाजू तशीच राहू द्या आणि फक्त गडग्याकडचा सव्वा ते दीड मीटर पट्टा मोकळा करा. माणसे आणि दुचाकी जातील, चारचाकी नाही. ढिगाच्या उरलेल्या तोंडाशी, पायथ्याला, मोठे दगड रचून घ्या. सिमेंटच्या गोणीत माती भरून त्या विटांसारख्या सांधे चुकवून रचल्या तरी चालतील. त्यांच्या मधून पाणी झिरपून यायला वाट हवी, म्हणून मागे खडी आणि दगडांचा भर घाला. पाणी अडवणारी पक्की भिंत आता बांधू नका.

पूर्ण काम दिवाळीनंतर करावे. तेव्हा काप उभा न ठेवता दोन पायऱ्यांत मागे घ्यावा, प्रत्येक पायरीवर आतल्या अंगाला गटार काढावे आणि उतारावर वाळा लावावा. त्याची मुळे दोन-तीन मीटर खोल जातात. आणि रस्त्याच्या वरच्या अंगाला एक फूट रुंद गटार राहील एवढी जागा सोडा. वीस वर्षांपूर्वी ते केले असते, तर कदाचित हा धागाच निघाला नसता. पण त्या काळी बहुतेकांनी रस्ते असेच कापले, त्यात आपल्या वडिलांना दोष देण्याचे कारण नाही.

चाकरमानी_गुहागर

तीन आठवड्यांनंतर कळवीत आहे. पंचनामा झाला. कलमांची खोडे गड्यांनी दोन दिवसांत मोकळी केली. श्रावणात सलग चार कोरडे दिवस मिळाले तेव्हा रस्त्यावरचा गाळ मागच्या फळीने ओढून ट्रॉलीने माडांच्या आळ्यांत टाकला. खेपा मोजल्या तर बत्तीस झाल्या, आणि घसरपट्ट्यांमुळे मुरूम जागच्या जागी राहिला. मिनी पोकलेन साडेपाच तास लागला. दरडीचा गडग्याकडचा दीड मीटर पट्टा मोकळा असून बाकीचा ढीग दगड आणि मातीच्या गोणी यांच्या रांगेने बांधला आहे. बाराव्या दिवशी जोराचा पाऊस झाला तेव्हा माथ्यावरून दोन-तीन टोपल्या माती आली आणि त्या रांगेच्या मागेच थांबली. आतेभावाला फोटो पाठवले. त्याने पात्याचे नाव काढले नाही, गोणी कशाच्या आहेत एवढेच विचारले.

गाडी घरापर्यंत येणार नाही. गणपती मूर्तिकाराच्या शाळेतून टेंपोने डांबरी रस्त्यापर्यंत येईल आणि तिथून पुढे डोक्यावरून, जसा आजोबांच्या वेळी येत असे.